वासरू घरातच होते

गुरुजी, लिहून देणार मी आपल्या हजेरीपटावरील सतरावा विद्यार्थी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा सुतारकाम, पैकी बावीस वर्षे ओमानातील सोहार औद्योगिक वसाहतीत. सध्या मुक्काम मस्कतमध्ये अल् खुवैर येथे, मुलाच्या घरी. खाली लिहितो ते खरे आहे.

नातीच्या शाळेने एकोणिसाव्या शतकातील रशियन शेतकऱ्याचे घर बनवून आणण्यास सांगितले. ते काम मी मागून घेतले. ओंडक्यांच्या भिंती रचल्या, फटींत शेवाळाऐवजी काथ्या भरला, आत मातीची भट्टी बसवली आणि तिच्या माथ्यावर म्हाताऱ्यांचे अंथरूण घातले; कारण ते तेथेच निजत, असे आपण सांगितले होते. आपला आवाज मला अजून ऐकू येतो. धुराने काळवंडलेली एकच खोली, काळी भाकरी, झाडाच्या सालीची पायताणे, जमिनीबरोबर विकली जाणारी माणसे. बर्फ कधी न पाहिलेली आम्ही मुले त्या तासाला कुडकुडलो होतो.

गोठा मात्र मी मुद्दाम घरामागे वेगळा बांधला, आपल्याकडे असतो तसा.

"आजोबा, काफ आत पाहिजे, स्टोव्हच्या बाजूला," नात म्हणाली. "बाहेर तो फ्रीज होईल ना!"

"माणसांच्या खोलीत वासरू? भलतेच."

"बाबा, पुस्तकात चित्रच आहे. बघा तरी," सूनबाई म्हणाली.

पाहिले. भट्टीशेजारी वासरू, आणि त्याला टेकून निजलेले मूल.

आणि मी पाचवीच्या पहिल्या आठवड्यात आहे. आपण या वासरापर्यंत येता आणि मी उभा राहून म्हणतो, "गुरुजी, थापा मारताय!" वर्ग हसतो. आपण खडू खाली ठेवता. "तू जाऊन आलायस काय रे तिकडे? माफी माग, नाहीतर दप्तर उचल." मी दप्तर उचलतो.

त्यानंतर आपण दोनदा आमच्या अंगणात आलात. "पोर हुशार आहे, पाठवा," म्हणालात. वडील तयार होते. मी गवताच्या उडवीमागे बसून आपली छत्री दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. आपण तिसऱ्यांदा याल, म्हणून पुष्कळ दिवस वाट पाहिली.

शिक्षण गरिबीमुळे सुटले, असे मी साठ वर्षे सांगत आलो. मुलगाही चारचौघांत तेच सांगतो, अभिमानाने. ते खरे नाही.

काल गोठा मोडला. त्याच्याच फळीतून वासरू कोरून भट्टीजवळ ठेवले, आणि घरात प्रथमच ही हकिकत सांगितली. नातीने विचारले, "मग सॉरी म्हणालात का सरांना?"

माफी मागतो, गुरुजी. पाकिटावर घालण्यास पत्ता नाही.

हकिकत सांगतेवेळी हजर: नात आणि सून. मुलगा कामावर होता; त्याला अद्याप सांगितलेले नाही.