मुद्दाम आडवं घासलं

३ मार्च
लाकूड आलं! सहा फळ्या, चार पाय. दाबाखाली औषध मुरवलेलं — ऊन-पाऊस काही बाधत नाही म्हणे. रंग मात्र हिरवट, आजारी माणसासारखा. आईने खिडकीतूनच पाहिलं आणि नाक मुरडलं. "बाक करतेयस की होडी?"

बाक तिच्यासाठीच आहे. बाथरूममध्ये पडली त्याला पाच महिने झाले. हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात खुशाल चाला. पण ही उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही! अंगणात बसायला चांगली जागा असली तर येईल, असं मला वाटतं. नवऱ्याला वाटत नाही.

४ मार्च
उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग — ती मी! आजच घासायला घेतलं. दहा मिनिटांत पॉलिशपेपरवर हिरवा चिकट लगदा. वखारवाल्याला फोन केला तर हसतच सुटला. "ताई, ओलं आहे अजून! औषध पाण्यातूनच मुरवतात. वाळू द्या. पाण्याचा थेंब टाका, आत जिरला की घासा." शिवाय मास्क लावायचा, भुसा जाळायचा नाही. विकतानाच सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

५ मार्च
थेंब तसाच.

११ मार्च
थेंब तसाच. आई म्हणते, "औषध लाकडाला दिलंय की तुला?"

२२ मार्च
जिरला!!

२३ मार्च
दातांच्या दवाखान्यातून मास्क आणले — तिथे नोकरी करण्याचा हा एक फायदा. साठ नंबरच्या पेपरने सुरुवात. लाकडाच्या रेषांना धरून उभं, हलक्या हाताने. फार घासलं तर वरचं औषधच निघून जातं. नवऱ्याने मदत केली, म्हणजे चहा पीत उभा राहिला.

आई खिडकीत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. एक टीप वाकडी दिसली की सगळं उसवायला लावायची. "डोळ्यांनी काय बघतेस? तळवा फिरव!" फिरवला. न दिसणारी खरखर खरंच हाताला लागली.

"मग तूच ये ना."

"माझं काय काम तिथे?" खिडकी लावून घेतली.

रडू आलं. भुसा गेला डोळ्यांत, असं नवऱ्याला सांगितलं.

२५ मार्च
आज लबाडी केली. गुळगुळीत झालेली फळी खिडकीसमोर घेतली आणि मुद्दाम आडवी घासली — खर्र खर्र. असे ओरखडे उठले की माझंच काळीज हललं.

"अगं, आडवं घासतेयस!"

मी ऐकलंच नाही.

"अगं बहिरे! वाट लावलीस त्या फळीची!"

मी आपली खर्र खर्र. मग खिडकीतला आवाज थांबला. वाटलं, रुसली. वळून पाहते तर आई पायरी उतरून समोर उभी! एका हातात काठी, दुसऱ्याने माझ्या हातातला पेपर हिसकावला. "सरक तिकडे. आणि ते तोंडाला लावायचं दे मला."

तासभर घासत होती. उन्हात! मी आत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून नाचले. नवऱ्याने पाहिलं, मग तोही नाचला. फार वाईट नाचतो.

२ एप्रिल
बाक झाला. गेला आठवडाभर आई रोज अंगणात. एकशेवीस नंबरच्या बारीक पेपरचा शेवटचा हातही तिचाच. कुठेही तळवा फिरवा — लोणी!

बसली मात्र दोनच मिनिटं. "बसून काय करू?" म्हणाली आणि आत गेली. काम संपलं म्हणून पुन्हा खिडकीतच राहिली तर?

४ एप्रिल
कामावरून आले तर घरात आई नाही. काठी नाही. चपला नाहीत. तेवढ्यात वखारवाल्याचा फोन — "ताई, तुमच्या आई चालत आल्यात. टेबलासाठी फळ्या बघतायत. अकरा नापास केल्यात. येऊन सोडवा हो मला!"

गेले नाही. येईल की चालत.