परमुलखातला पहारा

आबा, मी अजून सौदीतच आहे. तुम्ही गेलात तेव्हा रियाधला होतो, आता तिथून खाली तासाभरावर अल खर्जला असतो. काम तेच, थंडाव्याचं. इथं वाळवंटात गाई आहेत, आबा. एकदोन नव्हेत, नजर पोचेल तिथपर्यंत गोठे. वर मोठाले पंखे, त्यांतून पाण्याचा बारीक फवारा, आणि खाली काळ्यापांढऱ्या गाई निवांत रवंथ करताहेत. बाहेर उन्हात पत्र्याला हात लावला तर कातडी निघेल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हातात पाना धरून उभाच राहिलो. फोरमन ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चल चल, करत अंगावर आला तरी पाय हलेनात. या डेअरीच्या दुधाच्या टाक्या गार ठेवणारी यंत्रं मी सांभाळतो. पुढं कंपनीनं मला आणखी एका ठिकाणचं काम दिलं, आणि त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. वस्तीपासून लांब, वाळूत, अमेरिकन सैन्याचा तळ आहे.

तिथं आत जायचं म्हणजे तीन ठिकाणी थांबायचं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, दाखवा, पास दाखवा, गाडीखालून आरसा फिरवू द्या. मग एकदम सपाट रान उघडतं आणि त्यात मातकट रंगाच्या तंबूंचं अख्खं गाव. पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावरून मालवाहू विमान उतरलं. एवढं धूड हवेत कसं राहतं, आणि एवढ्या हळू, जणू मन बदललं तर परत वर जाईल! जमीन हादरली, दात वाजले. हजारो मैलांवरून माणसं, पाणी, पाव, यंत्रं, सगळं उचलून इथं आणून मांडणारी ही माणसं कोण असतील, असं झालं मला. आणि त्या धुळीत उभा असताना तुमची आठवण आली, कारण परक्या मुलखात छावणी टाकून राहिलेला दुसरा कुणी माणूस मला माहीत नव्हता.

मी चौथीत आहे. तुम्ही सुट्टीवर आलेले आहात, आई रानात गेली आहे आणि तुम्ही चुलीपुढं बसून पिठलं घोटताय. मी दप्तर टाकत सांगतो, ‘आबा, मी शाळेत सांगितलं, आमच्या आबांनी लंका जिंकली.’ तुमचा हात थांबतो.

‘कुणी सांगितलं तुला?’

‘सगळी म्हणत्यात.’

‘जिंकायला नव्हतो गेलो. श्रीलंकेतलं भांडण सोडवायला आपल्या फौजेला बोलावलं होतं. गेलो तवा बायाबापड्यांनी गळ्यात हार घातले, आन् निघालो तवा दारं लावून घेतली. एका शाळेत राहत होतो आम्ही. पोरांची बाकं फोडून चुलीत घातली, भात शिजवायला. यात फुशारकी कसली रं? पुन्हा बोललास तर कानफटात बसंल.’

पिठलं खाली लागलं होतं. तेच आपण खाल्लं. मला तुमचा राग आला होता. इतर पोरांचे बाप काहीच न करता फुशारक्या मारायचे आणि माझा बाप मला तेवढंही करू देत नव्हता. निवृत्त झाल्यावर तुम्ही गावच्या शाळेला बाभळीची अकरा बाकं करून दिलीत, स्वतः रंधा मारून. सरपंचांनी सत्कार ठेवला तर सकाळीच रानात निघून गेलात. गाव म्हणालं, फौजी माणूस, तऱ्हेवाईक. मीही तेच म्हणालो.

तळावर माझं काम एका सार्जंटबाईंच्या देखरेखीखाली चालायचं. पन्नाशीच्या, सडपातळ, केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले. जेवणाच्या तंबूची गारवायंत्रं त्यांच्याकडे होती. वाऱ्यानं यंत्रांच्या जाळ्या वाळूनं चोंदतात, त्या पाण्यानं धुवाव्या लागतात. मी धुवायला लागलो की बाई स्वतः पाइप धरून उभ्या राहायच्या. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात, तरी जमलं. विशीत असताना त्या इथंच होत्या. मग सगळं आवरून निघायचा हुकूम आला आणि शेवटचे तंबू गुंडाळणाऱ्यांत त्या होत्या. इतक्या वर्षांनी सैन्य परत आलं, आणि नोकरीची शेवटची नेमणूक म्हणून त्याही. ‘आल्या आल्या माझा जुना तंबू कुठं होता ते शोधत हिंडले,’ त्या म्हणाल्या. ‘एक खुंटीसुद्धा सापडली नाही. आम्ही कधी आलोच नव्हतो, असं रान.’ हे सांगताना त्यांना वाईट वाटत नव्हतं. डोळे मोठे करून सांगत होत्या, जत्रेत काहीतरी अद्भुत बघून आल्यासारखं.

मग तो सायरनचा दिवस. सकाळचे अकरा वाजलेले, मी यंत्रावर चढून गॅसचा दाब बघतोय. भोंगा सुरू झाला आणि मला वाटलं, रोजची तालीम असेल. बाईंनी माझा बूट धरून खाली ओढलं. शेजारीच काँक्रीटचा आडोसा होता, दोन्ही तोंडं उघडी. सगळे आत घुसले, मला त्यांनी पुढं ढकललं आणि स्वतः तोंडाशी थांबल्या. माणसं मोजू लागल्या. पंधरा झाले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आणि तुम्ही. सोळा.’ त्यांच्या खांद्यावरून मला आभाळाची पट्टी दिसत होती. तळावर येणारं क्षेपणास्त्र पाडायला सुटलेली एक पांढरी रेघ सरळ वर गेली, तिच्यामागं दुसरी. खूप उंचावर, भर उन्हात, एक ठिणगी फुटली. आवाज मागाहून आला, तो कानांत नाही, छातीत. नंतर इतकी शांतता की कुणीतरी पुटपुटत असलेली प्रार्थना ऐकू येत होती.

भ्यालो, आबा. खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी माझ्या अंगावरून गेलं. मी साताऱ्याकडचा, त्या कुठल्याशा मक्याच्या मुलखातल्या, आणि पायाखालची भुई तिसऱ्याच कुणाची. मी त्यांचा कोण? तरी आत मी होतो आणि दारात त्या. लंकेतल्या त्या शाळेच्या दारात तुम्हीही असेच उभे राहिला असणार, ज्यांची भाषा येत नव्हती त्यांच्यासाठी. बाकं फोडणारे आणि दारात उभे राहणारे तुम्हीच. हे दोन्ही एकाच माणसात मावतं, हे मला कळायला इतकी वर्षं आणि एवढं वाळवंट लागलं.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर आम्ही सावलीत पाणी पीत बसलो. मी विचारून टाकलं, ‘तुम्ही इथं असावं, असं तुम्हाला वाटतं?’

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ‘विशीत विचारलं असतंत तर लगेच हो म्हणाले असते. आता असं वाटतं, बोलावलं तर यावं. पण मुक्काम लांबला की सवय होते, आणि मग सवयीलाच आपण गरज म्हणायला लागतो. आमच्या रस्त्याला लागून एका शेतकऱ्याचा खजुराचा मळा आहे. तो रोज आमच्या गाड्या जाईपर्यंत थांबतो. आम्ही राहावं का, हे त्याला कधी कुणी विचारलेलं नाही. माझ्या हातात असतं तर दरवर्षी त्याला विचारलं असतं.’

‘आणि तो जा म्हणाला तर?’

‘तर आवरून गेले असते. आणि इथं मागं काय होत असेल, या काळजीनं घरी नीट जगले नसते.’

मग त्यांनी मला विचारलं, ‘तुमचे वडील सैनिक होते म्हणालात. परक्या देशात राहिलेले. ते काय म्हणायचे?’

मी म्हणालो, ‘ते म्हणायचे, दुसऱ्याच्या घरी राखणीला जावं, पण आपली चूल तिथं मांडू नये.’

बाईंनी खिशातून छोटी वही काढली, मला पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. थंडीत त्या निवृत्त होऊन गेल्या. जाताना हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांचं वाक्य घरी सगळ्यांना सांगणार आहे.’

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहितो. आबा, ते वाक्य तुमचं नाही. तिथं बसल्या बसल्या मला सुचलं, आणि माझ्या तोंडी हलकं वाटेल म्हणून तुमच्या नावावर खपवलं. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. शेवटच्या वर्षी मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा एका दुपारी तुम्ही आपणहून म्हणालात, ‘कधीकधी वाटतं रं, लंकेतनं निघायला नको होतं आम्ही.’ आणि पुढं बोलायला घसा साफ केलात. मी टीव्हीसमोर होतो, मॅचची शेवटची षटकं चालली होती. ‘थांबा आबा, नंतर,’ म्हणालो. मॅच कुणाची होती, तेही आता आठवत नाही.