डोंगलला लागलेल्या कुंकवाबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
टाकबोरू संगणक प्रणाली, पुणे.

विषय: डोंगलला कुंकू लागले म्हणून परवाना बंद करून मला चोर ठरविल्याबाबत.
संदर्भ: १) आपले दि. ९ डिसेंबर २०२४ चे पत्र. २) माझे तीन अर्ज, ज्यांना लेखी उत्तर नाही.

महोदय,

१. हैदराबादच्या नारायणगुड्यात माझे मराठी अक्षरजुळणीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, श्रद्धांजलीची पत्रके एकोणीस वर्षे आपल्याच प्रणालीवर जुळवीत आलो. संगणकात डोंगल नावाचे अंगठ्याएवढे कुलूप खोचल्याशिवाय ती चालत नाही.

२. आमचे घराणे शेतकऱ्याचे. खंडेनवमीला पोट भरणाऱ्या अवजारांची पूजा होते. नांगर गावाकडेच राहिला, म्हणून माझ्या पत्नी सौ. सावित्रीबाई यांनी डोंगल पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिले. कुंकू आत गेले व डोंगल बंद पडले. मी ते बदलून मिळावे म्हणून सरळ मनाने आपल्याकडे पाठविले. ही माझी चूक.

३. आपल्या तंत्रज्ञाने "संशयास्पद लाल पदार्थ" आढळल्याचे नोंदवून, नक्कल करण्यासाठी मी कुलूप फोडले असा शोध लावला. पुण्यात कुंकू ओळखू येईनासे झाले, हे मला ठाऊक नव्हते. खुलासा केला, तर पूजेचे छायाचित्र मागण्यात आले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

४. माझ्या थोरल्या भगिनी इंदुताई विद्यानगरच्या शाळेत मराठी शिकवीत. हैदराबादच्या मराठी घरांतले, तेलुगू-दखनीत मुरलेले शब्द त्यांनी अकरा वर्षे गोळा केले. त्या सांगत, मी थेट टंकत असे. कागदावर काहीच नाही. ते सारे पुस्तक आपल्या कुलपाआड अडकले. फेब्रुवारीत अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. हे कळविल्यावर आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले, की लेखिकेकडून मजकूर पुन्हा सांगून घ्यावा. तो राग माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.

५. सबब कळवितो, की गेल्या सोमवारी मी इथल्या आबिड्सच्या बाजारातून आपल्या प्रणालीची चोरटी प्रत आणली. तिने ना कुलूप मागितले, ना छायाचित्र. फाइल लगेच उघडली. पावती हातात असताना आपण मला चोर म्हणालात, आता तसे म्हणण्यास हरकत नाही. तपासणीचे पहिले मुद्रित इंदुताईंनी डाव्या हाताने मांडीवर घेतले आणि ‘कायकू’च्या अर्थातली माझी चूक बोटाने दाखविली.

६. परवाना परत नको. खटला जरूर भरावा, मी काहीही नाकारणार नाही. मात्र डॉक्टरांनी इंदुताईंचे थोडेच दिवस सांगितले आहेत आणि छपाईला तीन आठवडे लागतील. तोवर संगणक जप्त करू नये. पुस्तक त्यांच्या हातात पडले, की मी स्वतः पुण्यास येऊन हजर होईन.

आपला, आजवर नम्र असलेला,
हणमंतराव बिरादार
हैदराबाद, दि. १८ जून २०२५

सोबत: मूळ खरेदीच्या पावतीची प्रत, इंदुताईंचे वैद्यकीय प्रमाणपत्र.