बेटाच्या कौन्सिलची हजेरी

४ जानेवारी २०२१, रायस्वाइक, नेदरलँड्स
नोकरी लागली! लग्नानंतर सौमित्रच्या मागोमाग पुण्याहून येऊन दीड महिना झाला, लॉकडाउनमुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी घरबसल्या ब्रिटिशांच्या एका चिमुकल्या बेटाची कारकून! कौन्सिलच्या बैठका ऑनलाइन होतात; मी हजेरी मांडायची, इतिवृत्त लिहायचं. सौमित्र म्हणतो, इंग्रज गेले, पण आपली कारकुनी काही सुटली नाही.

११ जानेवारी
कारभार गमतीचा आहे. बेटावरची माणसं आमच्या पुण्याच्या सोसायटीत मावतील. पाच सदस्य लोक निवडतात, गव्हर्नर लंडनहून येतो. सध्या त्यातली एक जागा रिकामी आहे, ती गव्हर्नर आपल्या मर्जीने भरू शकतो. कोरम चारांचा, त्याहून कमी आले तर ठराव होत नाही. गव्हर्नरनी सही केलेलं इतिवृत्त मग कुणालाच बदलता येत नाही.

१८ जानेवारी
औषधांचं जहाज बंदरात घ्यायचा ठराव होता आणि आले तिघेच. चौथे सदस्य म्हातारे पाइक, स्क्रीनवर त्यांच्या खिडकीत नुसती खुर्ची. गव्हर्नर म्हणाले, उठून गेले असतील, हजर लिहा. कॉलेजात मैत्रिणींच्या प्रॉक्सी थोड्या का लावल्या? लिहिलं.

२० जानेवारी
पाइक रविवारीच वारले होते. म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी. दुरुस्ती करायला गेले, तर सही झालेली. कागदोपत्री ते आता कायमचे हजर.

२५ जानेवारी
पाइकांची खिडकी आजही उघडली. मतदानाला खुर्चीमागून हात वर आला, मातीने माखलेला. बाकीचे मान खाली घालून बसले. गव्हर्नरनी ते मत मोजलं.
मी किंचाळले तसा सौमित्र धावत आला. त्यालाही दिसलं. गव्हर्नरनी विचारलं, मागे उभे आहेत ते कोण. मी मूर्खासारखं नाव सांगितलं.

२७ जानेवारी
राजीनामा धाडला. नोटीस महिन्याची.

१ फेब्रुवारी
यादीत पाचवं नाव आलंय. सौमित्र, गव्हर्नरनियुक्त. बैठक व्हायच्या आत त्याला ताप भरला.

५ फेब्रुवारी
ॲम्ब्युलन्सने नेलं. मला बरोबर येऊ दिलं नाही.

८ फेब्रुवारी
हॉस्पिटलचा फोन आला. सकाळी सहाला तो— नाही लिहवत.

दुपार. लॅपटॉप मी उघडला नव्हता. बैठक चालू आहे. पाचवी खिडकी— आमचीच जेवणाची खुर्ची, पाठीवर त्याचा स्वेटर.
गव्हर्नर विचारताहेत, पाचवे सदस्य हजर की गैरहजर.
गैरहजर लिहिलं की तो सुटेल. पाइकांसारखं त्याचं नको व्हायला, देवा. पण मग मला तो परत कधीच—
खुर्ची हलली.
माफ कर रे. सौमित्र, हज—