अश्विनीची उंची

४ ऑगस्ट
अश्विनीच्या बारामतीच्या कॉलेजात उद्या बास्केटबॉलच्या संघाची निवड. तिथल्या पोरी उंच आहेत म्हणे. ही माझ्यावर गेली. ह्यांना दारातून वाकून आत यावं लागायचं, पोरीला त्यांचं नाक तेवढं मिळालं. इंदापूरच्या वाचनालयातून या खेळाचं पुस्तक आणलंय. टोपलीखाली उंच माणूस लागतो, पण चेंडू तिथवर नेणारा बुटका असला तरी चालतो. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "आई, निवड पुस्तक करत न्हाय, सर करत्यात."

५ ऑगस्ट
सकाळी तिचा अंबाडा पार टाळूवर बांधला. आत जुन्या रिबनींची गुंडाळी. दोन बोटं तरी वाढतील.
औक्षणाला शेजारच्या शालनवहिनींना बोलावलं. हे गेल्यापासून मी ताट धरत नाही. पोरगी पाटावरून उठलीच. "आईनं ओवाळलं तर जाईन. न्हायतर जाऊ दे ती एसटी." वहिनींनीच ताट माझ्या हातात दिलं. मी ओवाळलं, कुंकू भुवईवर गेलं.

संध्याकाळी — सरांनी पट्टी अंबाड्यावर टेकवली, थांबले, केस सोडायला लावले. गुंडाळी खाली पडली. सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसत सांगत होती. जेवली नाही. राखीव म्हणून घेतलंय.

२३ ऑगस्ट
लोणी देवकरच्या कंपनीत रजा टाकून बारामतीला सामना बघायला गेले. हिला अगदी शेवटी उतरवलं. समोरची लांबडी पोरगी हिच्या डोक्यावरून चेंडू टाकायची, ही नुसती हात वर करून उभी. बघवेना. मग एकदा ही तिच्या काखेखालून चेंडू आपटत निघून गेली, टोपलीजवळच्या पोरीकडे दिला. पडला आत.
माझ्या मागे बसलेले एक आबा म्हणाले, "बुटकीला धरायचं म्हंजी वाकावं लागतंय."
त्यांच्या सोबतचे तात्या म्हणाले, "आन् तिला अडवायला नुसतं हुबं ऱ्हायलं तरी भागतंय."
दोघांचंही खरं.
हरलो. ती संघाबरोबर थांबली. येताना शेजारची सीट रिकामी होती, तिथं पिशवी ठेवली. हे असते तर घरापर्यंत सामना पुन्हा खेळले असते.

३० ऑगस्ट
सरांचा फोन. म्हणाले, ताई, उंची काही वाढवता येत नाही, वेग वाढवता येतो. पण सराव सकाळ-संध्याकाळ हवा, एसटीनं जाऊन-येऊन जमणार नाही. होस्टेलला ठेवा, गादी तेवढी घरून आणावी लागते. पहिल्या पाचात घेईनच असा शब्द देत नाही.
अश्विनी भाकरी थापत होती. ती तव्यावर टाकत म्हणाली, "तू एकटी कशी ऱ्हाशील?"
मी म्हटलं, भाकरी करपतीय.
सर उंचीवरून सरळ नाही म्हणाले असते तर मला काही ठरवावं लागलं नसतं. असं मनात आलं.

३१ ऑगस्ट
सरांना उद्या सांगायचंय. ऊन चांगलं पडलं. तिची गादी अंगणात टाकली. कशाला, तिनं विचारलं. ढेकूण झालेत म्हटलं.
झालेले नाहीत.