कंबर माझी, दोष खुर्चीचा

गुरुवार, ३ जुलै, संध्याकाळी
आज डॉक्टरकडे अपमान झाला. डॉक्टर म्हणजे हिमानी. हिच्या बारशाला मी जेवलोय. तीच आज मला त्या खरखरीत कागदावर बसवून म्हणते की काका, यू नीड टू लूज ट्वेंटी पाउंड्स.

मी गेलो होतो गुडघा आणि कंबर दाखवायला. पोट दाखवायला गेलोच नव्हतो. एक्स-रे बघून म्हणाली, गुडघा थोडा झिजलाय, ऑपरेशनची गरज नाही. एक पौंड कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार पौंड कमी होतात म्हणे. आणि पोट पुढे ओढतं म्हणून कंबरेचे स्नायू दिवसभर मागे ओढत बसतात. मी सांगितलं की आमचे अण्णा पंचाहत्तराव्या वर्षी पर्वती चढायचे. तर विचारते, त्यांचं वजन किती होतं? काय संबंध?

टायर बसलं म्हणून कोणी डिकी रिकामी करायला सांगतं का? इंजेक्शन मागितलं, दिलं नाही. ऑफिसच्या खुर्चीसाठी चिठ्ठी मागितली, तीही नाही.

शनिवार, ५ जुलै
ढोल पथकाची मीटिंग. भयंकर संतापलोय, त्यामुळे मुद्द्याचंच लिहितो.

यंदा विसर्जनाची मिरवणूक ३० ऑगस्टला, आमच्या नेपरव्हिलच्या डाउनटाउनमधून, एक तास. वैदेहीने नवा नियम काढलाय. ही पथकप्रमुख, वय सत्तावीस, इथे अमेरिकेतच जन्मलेली, हायस्कुलात बँड शिकवते. २३ ऑगस्टच्या प्रॅक्टिसला जो ढोल बांधून सलग पंचेचाळीस मिनिटं वाजवेल, तोच मिरवणुकीत. कारण काय, तर गेल्या वर्षी दोन जण मध्येच फुटपाथवर बसले. त्यातला एक मी होतो, पण ते बुटांमुळे.

हे पथक बारा वर्षांपूर्वी मी काढलं. पहिला ढोल मी पुण्याहून चेक-इनमधून आणला. कस्टमवाल्याला तो वाजवून दाखवला. आणि आता माझी परीक्षा ही मुलगी घेणार!

ऑफिसात मी सपोर्ट टीमचा मॅनेजर. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, सॉरी म्हणायचं. ढोल बांधला की मी कोणाला सॉरी म्हणत नाही. ते मी सोडणार नाही.

संकल्प: सात आठवड्यांत वीस पौंड. हिमानी म्हणाली म्हणून नव्हे, मला वाटलं म्हणून.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी
शुभारंभ. उपास. फोनवर फास्टिंगचं अॅप घेतलं. बटण दाबलं की घड्याळ सुरू. चोवीस तासांनी पदक.

सकाळी खिचडी (दोनदा, कारण दुसरी वाटी वाया गेली असती). दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. चारला रताळ्याचा कीस. मधे केळ्याचे वेफर्स. अन्नाचा कण नाही पोटात.

सोमवार, ७ जुलै, सकाळी
पदक मिळालं. वजन २१६. गुरुवारी २१४ होतं. बाथरूमची फरशी उतरती आहे, हे मी घर घेतानाच म्हणालो होतो. काटा बेडरूममध्ये कार्पेटवर नेला. तिथे २०९. यापुढे कार्पेटवरचंच खरं धरणार.

एका दिवसात सात पौंड! या वेगाने महिन्याअखेर थांबवावं लागेल.

गुरुवार, १० जुलै
कंबर पुन्हा धरली. गुन्हेगार: ऑफिसची खुर्ची. एचआरला खरमरीत मेल लिहिला. उत्तर म्हणून त्यांनी उभं राहून काम करायचं टेबल दिलं. नऊ मिनिटं उभा राहिलो. गुडघा बोंबलायला लागला. टेबलाचीही उंची चुकीची आहे.

या देशात एक वस्तू माणसाच्या मापाची नाही.

रविवार, १३ जुलै
अनिलकडे सत्यनारायण. अनिल मूळ नागपूरचा, इथे आमच्याच गल्लीत राहणारा, माझ्याच वयाचा. दोन वर्षांपूर्वी त्याची कंबर माझ्यापेक्षा वाईट होती. मोजे बायको घालून द्यायची. फुटपाथवर बसलेला दुसरा तोच.

आज मांडी घालून खाली जेवायला बसला. आणि जेवण झाल्यावर कशालाही न धरता उठला. माझ्यासमोर, मुद्दाम.

पंचवीस पौंड कमी केलेत म्हणे दिवाळीपासून. उपाय विचारला. काही नाही रे भाऊ, ताट अर्धं केलं, रोज चालतो आणि आठवड्यातून तीनदा पोहतो, एवढंच म्हणाला. आधी कंबर सुटली, मग गुडघा. असं कुठे असतं का? नक्की काहीतरी टोचून घेतलंय. तसं विचारलं तर हसला. खरा उपाय कोणी सांगत नाही. मराठी माणूस इथेच मागे पडतो.

प्रसादाचा शिरा अप्रतिम होता. प्रसादाला नाही म्हणू नये.

शनिवार, १९ जुलै
बायकोने, म्हणजे वीणाने, माझं नाव पार्क डिस्ट्रिक्टच्या सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये घातलं. न विचारता. पाण्यातला व्यायाम, वर्गात मी आणि अकरा अमेरिकन आज्या. सगळ्यांनी माझी चौकशी केली, हे मला आवडलं नाही.

पाऊण तास पाण्यात चाललो, पाय झाडले, उड्याही मारल्या. गुडघा अजिबात दुखला नाही, कंबर तर आहे की नाही ते कळलं नाही. यावरून सिद्ध होतं की या व्यायामात काही दम नाही. दुखलं नाही म्हणजे झालाच नाही. पुन्हा जाणार नाही.

येताना भूक प्रचंड. समोसे.

शुक्रवार, २५ जुलै
श्रावण लागला. आता खरी मोहीम. सोमवार आणि शनिवार, शिवाय एकादशी. अकरा दिवस उपास, वैज्ञानिक पद्धतीने. परदेशी लोक आता पैसे देऊन जे शिकतायत ते आपल्याकडे हजारो वर्षं आहे. अनिलला हे सांगितलं. तो फिरायला निघाला होता. थांबलासुद्धा नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट
कार्पेटवर २१७! कार्पेट दबलंय. वीणाला म्हटलं नवीन कार्पेट टाकू. तर म्हणते, एकादशी अन् दुप्पट खाशी. स्वतः ती उपास करत नाही, ज्वारीची अर्धी भाकरी नि काकडी खाते, आणि मला शिकवते! शिवाय संध्याकाळी उपास सोडायला पुरणपोळी कोणी केली? तिनेच. मी एक सांगितली होती. तिने केल्या सहा, आणि घरात आम्ही दोघंच. उरलेल्या कोणी संपवायच्या?

दोन तास बोललो नाही तिच्याशी. मग तूप कुठे आहे ते विचारावं लागलं.

शनिवार, ९ ऑगस्ट
प्रॅक्टिस. मंदिराच्या पार्किंग लॉटमध्ये. तेरा मिनिटं वाजवला. मग माझ्या ढोलाचं पान ढिलं झाल्यासारखं वाटलं म्हणून बाहेर पडलो. वैदेहीने पान वाजवून बघितलं. ठणठणीत होतं. वहीत काहीतरी लिहिलं.

तो पार्किंग लॉट मुळात एका बाजूला कलता आहे. मी ते मोठ्याने बोललो. वीणा गाडीत बसलेली होती, तिने फक्त नाचता येईना एवढंच म्हटलं. बाकीची म्हण पूर्ण करायची तिला गरज वाटली नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट
पुन्हा हिमानी. या वेळी तयारीने गेलो. अॅपवरची पदकं दाखवली, सहा. आधी नर्सला दाखवली. नर्स थक्क. आठवड्यातून दोन दिवस चोवीस तास उपाशी! तिने कॉम्प्युटरवर टाइप केलं, मला म्हणाली, वॉव. छाती फुगली.

मग हिमानी आली. पदकं बघितली, वजन बघितलं. मग एकदम मराठीत, हळू आवाजात विचारलं की काका, उपासाला खाता काय? मी अभिमानाने यादी सांगितली. वेफर्सपर्यंत येईतो तिने डोळे मिटून घेतले होते. तिची आईसुद्धा हेच करते म्हणे. साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप, यात उपाशी राहण्यासारखं काय आहे, असं हिमानी मलाच विचारते. मी म्हटलं, हे धर्मात आहे. ती म्हणाली, देवाबद्दल तिची काही तक्रार नाही, प्रश्न गुडघ्याचा आहे.

मी ढोलाचं सांगितलं. दहा दिवसांत काहीतरी कर, गोळी दे, इंजेक्शन दे. मी विनवलं. आयुष्यात कधी डॉक्टरला विनवलं नव्हतं. तिने विचारलं, ढोलाचं वजन किती? म्हटलं, वीस पौंड, थोडं जास्तच. तर म्हणते, मग काका, तुम्ही दोन ढोल बांधता. एक तुम्ही तासभर वाजवून सोडता. दुसरा झोपतानाही सोडत नाही.

असं बोलायला कोण शिकवतं यांना? तिच्या आईला फोन करणार होतो. केला नाही. पार्किंगमध्ये गाडीत दहा मिनिटं नुसता बसलो.

शनिवार, १६ ऑगस्ट
दहीकाला. लोणी हे मुळात पौष्टिक आहे. सोमवारपासून अर्धं ताट.

सोमवार, १८ ऑगस्ट
अर्धं ताट घेतलं. तीनदा.

गुरुवार, २१ ऑगस्ट
आता अन्नाने काही होणार नाही, सामग्रीने होईल. कंबरेला पट्टा, दोन्ही गुडघ्यांना दोन, शिवाय बुटात जेल. सगळं घालून आरशासमोर उभा राहिलो. अगदी सैनिक. खाली वाकता येत नाही, पण ढोलाला वाकावं लागतच नाही.

वैदेहीला मेसेज केला की मी शंभर टक्के तयार.

शनिवार, २३ ऑगस्ट
अकरा मिनिटं.

ऊन होतं. पट्ट्यामुळे श्वास अडकत होता. लॉट कलता होता. सगळं खरं आहे. पण अकराव्या मिनिटाला कंबरेत असा काही झटका बसला की टिपरू हातातून पडलं आणि मला उचलता येईना. मी तसाच अर्धवट वाकलेला. ढोल पुढे लोंबतोय, मागे जाता येत नाही, पुढे जाता येत नाही. वैदेहीने शिट्टी मारली. चाळीस ढोल माझ्यासाठी थांबले. पाठीमागून येऊन अनिलने दोरी सोडली. त्याने चेष्टा केली असती तर निदान मला त्याच्यावर ओरडता आलं असतं.

वैदेही म्हणाली, सॉरी काका, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, हा नियम माझ्यासाठीच केलास. तिने मान हलवली. म्हणाली, हो, एका अर्थी तुमच्यासाठीच, गेल्या वर्षी तुम्हाला फुटपाथवर बसलेलं बघून मला भीती वाटली होती. तिचे डोळे भरले होते. मला अजिबात कणव आली नाही. मी तिला मिरवणुकीत पाणी वाटायच्या टेबलाशी बसेन असं सांगून टाकलं, रागात.

घरी येऊन पथकाच्या ग्रुपवर राजीनामा टाकला. कडक शब्दांत, चार परिच्छेद. वैदेहीने त्याला अंगठा दिला. मी राजीनामा डिलीट केला.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
उद्या जाणार नाही. ठरलं. बारा वर्षं केलं, पुरे झालं. बघू दे त्यांना माझ्याशिवाय कसं होतं ते. पहिल्या चौकातच ठेका पडेल. मग येईल फोन.

शनिवार, ३० ऑगस्ट, संध्याकाळी
गेलो. पाण्याचं टेबल लायब्ररीच्या कोपऱ्यावर. वीणा कप भरत होती, मी फोल्डिंगच्या खुर्चीत.

पथक वळणावरून आलं. पहिल्या रांगेत अनिल, माझा ढोल बांधून. मी कान लावून ऐकत होतो, माझ्याशिवाय आवाज कुठे कमी पडतो ते. कुठेच पडला नाही. उलट गेल्या वर्षीपेक्षा छान वाजवत होते. फुटपाथवरची गोरी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. माझ्या छातीत ते धडधडत होतं आणि मी बसलेला.

रागवायचं ठरवून आलो होतो. कोणावर ते शोधत राहिलो. हवा सुंदर, रस्ता सपाट, खुर्चीसुद्धा बरी होती. वैदेही पुढे झेंडा नाचवत गेली, जाताना मला वाकून नमस्कार केला. तिच्यावरही चिडता येईना.

पथक पुढे गेलं तेव्हा वाटलं, निदान पुढच्या वळणापर्यंत बरोबर चालावं. खुर्चीतून उठलो. म्हणजे उठायला लागलो. एक हात टेबलावर, एक वीणाच्या खांद्यावर. सरळ होईतो सगळे वळण घेऊन गेले होते. रस्त्यावर गुलाल आणि पोलिसाची गाडी. ढोल ऐकू येत होते, दिसत नव्हते. मला रडू आलं. वीणाने कप गोळा करायचं थांबवलं.

घरी आल्यावर हिमानीच्या क्लिनिकच्या वेबसाइटवर स्वतः अपॉइंटमेंट घेतली. सोमवारी लेबर डे, म्हणून मंगळवारी सकाळी साडेआठ. येण्याचं कारण, असा एक रकाना होता. त्यात आधी कंबर लिहिलं. मग खोडून वजन लिहिलं.

पातळ लेंगा घालून जाणार. घड्याळ, पाकीट आणि फोन काट्यावर चढण्याआधी वीणाकडे देणार.