सायलीच्या नावाची पाटी

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
चांदवड,
१८ मे २००३

चि. सायलीस आजी चंद्रभागाबाईचे अ. आ. इकडे सगळे हातीपायी धड आहेत. तूही तशीच आहेस असे धरून लिहिते.

फोन करत नाही, कारण फोन उचलला की तुझा बाप शेजारी येऊन उभा राहतो, आणि आज लिहायचे ते त्याच्याबद्दलच आहे.

तू पहाटे उठून नांदूर मधमेश्वरच्या धरणावर पक्ष्यांचे फोटो काढतेस आणि ते कॉम्प्युटरवर जगाला दिसतात, हे तुझ्या बापाने, संतोषने आळीभर सांगून ठेवले होते. परवा तो देवराम तलाठ्याला आणि दोघा भाऊबंदांना घेऊन स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत गेला. पान उघडले. चक्रवाक राहिला बाजूला, वर एक चौकट उघडली आणि तीत एक बाई, अंगावर दोन चिंध्या, हसत उभी. ती बंद केली तर दुसरी आली. देवरामने विचारले म्हणे, हा कोणत्या जातीचा पक्षी. तुझा बाप घरी आला तो जेवला नाही.

मी त्याला विचारले, पोरीने जागेचे पैसे दिलेत का. तर म्हणे फुकट मिळते. मग झाले तर. मार्केट यार्डात दुसऱ्याच्या ओट्यावर फुकट कांदा मांडला, तर ओटेवाला त्याची पाटी आपल्या डोक्यावर टांगणारच. त्यात रागावायचे काय? स्वतःचा गाळा घे, स्वतःची पाटी लाव. नोकरी करतेस, महिन्याला ड्रेस घेतेस, एक कमी घे.

लोणचे लय छान मुरले आहे. येशील तेव्हा बरणी ने. पाठवणार नाही, मागच्या खेपेला कंडक्टरनेच चव बघितली. लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.

तुझी आजी,
चंद्रभागाबाई


नाशिक,
२ जून २००३

ती. आजीस सायलीचा शि. सा. न. तुझे पत्र हॉस्टेलवर वाचून दाखवले. देवरामकाकांच्या प्रश्नावर माझी खोलीतली मैत्रीण पलंगावरून खाली आली.

तुझे गाळ्याचे अगदी बरोबर आहे. फक्त इथे पाटी आणि गाळा वेगवेगळे घ्यावे लागतात. पाटी म्हणजे नाव, त्याला डोमेन म्हणतात. साऱ्या जगात त्या नावाची तेवढी एकच पाटी. गाळा म्हणजे फोटो ठेवायची जागा, ते होस्टिंग. अमेरिकेतल्या कंपन्या क्रेडिट कार्ड मागतात, ते माझ्याकडे कुठले? मुंबईचा एक जण स्वस्तात देत होता, पण नोंद त्याच्या नावावर राहणार म्हणाला. म्हणजे उद्या बिनसले की पाटी त्याची. शेवटी कॉलेज रोडला किशोरभाऊ भेटले. झेरॉक्सच्या दुकानामागे बसतात, रोख घेतात आणि नोंद माझ्याच नावावर करतात. परवडावी म्हणून जागा अगदी छोटी घेतली आणि फोटो बारीक करून बसवले.

नाव आहे सायलीचे पक्षी डॉट कॉम. आता मध्येच कोणी बाई येणार नाही, बाबांना सांग.

हे नाव दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते, नाहीतर जाते. हॉस्टेलच्या फोनवर कोणी बोलावत नाही, म्हणून किशोरभाऊंना चांदवडचा नंबर दिला आहे. फोन आला तर नुसते हो म्हण.

आणि ऐक. भरतपूरला पक्षी मोजणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्या करकोच्यांच्या नोंदी मागवल्या आणि खाली माझे नाव छापले. पक्ष्यांच्या माणसांत आता मला नावाने ओळखतात, आजी.

बरणी कोणाला उघडू देऊ नकोस. तुझा राग आणि माया दोन्ही असू दे.

तुझी,
सायली


चांदवड,
१२ जून २००४

चि. सायलीस अ. आ. वि. वि.

सोयरीक पक्की झाली, तुझ्या बापाच्या पायाला आता भिंगरी लागली आहे. देवळालीची माणसे बरी आहेत. धनराज तुझ्या पसंतीचा आहे आणि कमी बोलतो, दोन्ही चांगलेच. त्याची आई वत्सलाबाई जरा तोऱ्यात असते. कॅम्पातल्या बाजारात कापडाचे दुकान, गिऱ्हाईक सगळे फौजी बायकांचे, म्हणून आपल्याशीही निम्मे हिंदीत बोलते. तिने सांगितले, लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून नव्या सुनेचे नाव लिहायचे ते मोहिनी. त्यांच्या घरी सुनेचे नाव बदलतातच. मी हो म्हटले. माझेही बदलले होते, काही मेले नाही.

आता तुझे काम. काल तुझ्या किशोरचा फोन आला. घरात मी एकटी. म्हणाला, सायलीचे पक्षी या नावाची मुदत संपते आहे, पुढे चालू ठेवायचे ना. तू नुसते हो म्हण म्हणाली होतीस, पण मी डोके चालवले. म्हटले, पोरीचे नाव आता मोहिनी होणार, मग जुन्या नावाला पैसे कशाला भरायचे? जुने सोडा आणि मोहिनीचे पक्षी असे करून टाका, रेशन कार्डावर करतात तसे. तो घुटमळला, तुला विचारतो म्हणाला. मी म्हटले, मी तिची आजी, घरात मोठी, माझ्या शब्दावर कर. मग केले त्याने.

शाबासकी नको. शालू बघायला येशील तेव्हा चष्म्याची दांडी बसवून आण, एका कानावर किती दिवस वाचू? माया असू दे, उपदेश नको.

तुझी आजी,
चंद्रभागाबाई


नाशिक,
१७ जून २००४

ती. आजीस सा. न.

रागावले नाही असे लिहिणार होते, पण तुला खोटे लगेच कळते.

किशोरभाऊंकडे जाऊन आले. आजी, रेशन कार्डावर जुने नाव खोडून नवे लिहिले तरी दुकानदार तोच असतो, तो आपल्याला ओळखतो. इथे तसे नाही. मोहिनीचे पक्षी हा नवा गाळा, तिथे कोणी येत नाही. आणि ज्यांना जुनी पाटी माहीत आहे ते तिथे गेले, तर कोरे पान उघडते आणि असे काही सापडले नाही एवढेच येते. माझी कॉम्प्युटरवरची पत्रे त्याच नावाने येत, तीही परत फिरतात. भरतपूरच्या गृहस्थांना वाटेल, पोरीचे लग्न ठरले, संपले हिचे पक्षी.

अजून महिनाभर ते नाव फक्त मला सोडवता येते. त्यानंतर ज्याला हवे त्याने घ्यावे. मी पैसे घेऊन गेले आणि पायरीवरून परत आले. धनराजशी बोलले. त्याला सायलीच आवडते, पण आईपुढे त्याची जीभ उचलत नाही. तांदळात एक नाव आणि जगात दुसरे, असे दोन घेऊन मला वावरता येणार नाही. तेव्हा जाऊ दे. मोहिनी होऊन पहिल्यापासून पक्षी मोजीन.

तू कोणाला काही बोलू नकोस. नव्या घरात भांडण घेऊन शिरायचे नाही मला. दांडी बसवून ठेवली आहे. तुझ्या मायेत मात्र काटछाट नको.

तुझी,
सायली


चांदवड,
२२ जून २००४

चि. सायलीस अ. आ.

असे काही सापडले नाही, हे तुझे वाक्य वाचले आणि पत्र फडताळात ठेवून दिले. दुपारी पुन्हा काढले.

विंचूरला आमच्या शेजारी बया राहायची. शेत निंदायला, धुणे धुवायला, मार खायला आम्ही दोघी बरोबर. मी तेव्हा ठमा. लग्नात तुझ्या आजोबांनी तांदळात चंद्रभागा लिहिले आणि ठमा विंचूरलाच राहिली. तुझा बाप रांगत होता तेव्हा बया एकदा चांदवडला आली. तिच्या नवऱ्याला बाजारात काम होते, तेवढ्यात ती मला शोधत आळीत फिरली. दारोदार विचारले, ठमा कुठे राहते. सगळ्यांनी सांगितले, ठमा नावाची बाई इथे नाही. आमच्या दारातही विचारले. माझ्या धाकट्या जावेने तेच सांगितले आणि खोटे नाही सांगितले, तिला मी चंद्रभागाच माहीत. मी मागच्या दारी भांडी घासत होते. विंचूरहून आलेली, एवढे बया बोलली असती तरी भागले असते. तिला वाटले, नाव पुरेसे आहे.

संध्याकाळी पाण्यावर बायका हसत होत्या, कोणी बाई ठमा ठमा करत फिरत होती म्हणून. तोवर तिची गाडी गेलेली. मी घागर भरली आणि घरी आले, भाकरी करायच्या होत्या. बया पुन्हा आली नाही. मीही गेले नाही. तिला वाटले असेल मी आतून ऐकले आणि बाहेर आले नाही, आणि ते आता कोणत्या तोंडाने खोडायचे असे मला वाटत राहिले. ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. तुला सांगते ती तुझ्या कामाची आहे म्हणून.

नाव बदलून काही मेले नाही असे मी लिहिले होते. ते खोड.

पहिल्यापासून मोजीन म्हणतेस. करकोचे काय तुझ्यासाठी मागच्या सालचे पुन्हा येणार आहेत? महिना संपेपर्यंत ते नाव सोडून द्यायचे नाही, किशोरला तसे सांगून ठेव. कोणाला बोलू नकोस हेही वाचले. मी परवाच्या गाडीने देवळालीला जाते. भांडायला नाही, खण घ्यायला. कापडाचे दुकान आहे ना त्यांचे?

मायेचे तू विचारू नकोस, कामाला लाग.

तुझी आजी,
चंद्रभागाबाई


देवळाली कॅम्प,
३० जून २००४

गं. भा. चंद्रभागाबाई यांस सौ. वत्सलाबाईचा नमस्कार वि. वि.

तुम्ही आलात, खणांचा ढीग उपसायला लावलात, एकाचा रंग विटका, दुसऱ्याचा काठ बारीक म्हणालात, एकही घेतला नाहीत. आणि चपला घालता घालता मला विचारलेत, लग्नाआधी तुमचे नाव काय होते. मी म्हटले, आता त्याचे काय. तर म्हणे, सहज, ओळख असावी. आणि चालू लागलात. खरे लिहिते, मला राग आला. मुलीकडची माणसे आणि एवढी जीभ.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी आमच्या यांना विचारले, माझे पहिले नाव आठवते का. यांनी बशी खाली ठेवून विचार केला. म्हणाले, मंगल ना. मंगल माझी बहीण. ज्यांनी अंगठीने माझे नवे नाव लिहिले, त्यांना आधीचे ठाऊक नाही. दुकानात कापड मापताना दिवसभर तेच तोंडात घोळत होते. आशा. सुभेदाराची बायको ब्लाउजपीस घ्यायला आली, तिने कधी नव्हे ते नाव विचारले, आणि माझ्या तोंडून तेच गेले. आता ती रस्त्यातून आशादीदी म्हणून हाक मारते. तुम्ही हसाल, हसा.

धनराजला समोर बसवले. म्हणाला, मला सायलीच हवे. मग इतके दिवस तोंडात काय धरले होतेस, असे मी विचारले. त्याने मला तिचे पक्षी दाखवायला नेले, तर तिथे काहीच नाही. तो ओशाळला. मला बरे वाटले नाही.

ताटात तांदूळ पसरणार आणि अंगठीने नाव लिहिणार, ती आमच्या घरची रीत आहे, ती मी मोडणार नाही. पण लिहायचे ते सायली. मान्य असेल तर कळवा. पुढच्या खेपेला खण घेतल्याशिवाय पायरी उतरू देणार नाही. सोयरीक जुळलीच आहे, आता जरा गोडीही ठेवा.

आपली,
वत्सलाबाई


नाशिक,
९ जुलै २००४

ती. आजीस शि. सा. न.

नाव सोडवले. धनराज बरोबर आला होता. किशोरभाऊ बटण दाबून म्हणाले, दोन दिवस धीर धरा. मी रोज जाऊन बघत होते. काल आधी कोरे पान आले, मग पुन्हा उघडले तर चक्रवाक. भरतपूरच्या गृहस्थांचे पत्र आज आले, मध्ये पान बंद होते, प्रकृती बरी आहे ना, असे विचारले आहे. करकोचे उतरले की कळवायला सांगितले आहे.

मोहिनीचे पक्षी वर्षभर माझ्याच नावावर आहे, रिकामा गाळा. तू घेतलेला, तेव्हा तूच सांग काय भरू त्यात.

देवळालीला काय बोललीस ते वत्सलाबाई मला सांगत नाहीत. नुसत्या खणांबद्दल बोलतात. तू तरी सांग, आणि जशी आहेस तशीच माझी राहा.

तुझी,
सायली


॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
चांदवड,
१४ डिसेंबर २००४

सौ. सायलीस अ. आ. जावईबापूंस आशीर्वाद, तुझ्या सासूस नमस्कार.

लग्नाचा शीण अजून उतरला नाही. तांदळात लिहिताना धनराजचा य वाकडा आला, पण वाचता येत होता. तुझी सासू माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले, नाहीतर दोघींची पंचाईत झाली असती. तिने दिलेला खण अंगाला येत नाही, हे तिला सांगू नकोस.

संतोष देवरामला पुन्हा सायबर कॅफेत घेऊन गेला होता, मीही गेले. तुझे पान नीट पाहिले. बाई आली नाही म्हणून देवराम जरा हिरमुसला. वर तुझे नाव आहे, ते मी स्वतः वाचले. त्या रिकाम्या गाळ्यात काही भरू नकोस. मुदत संपली की जाऊ दे, ती चूक माझ्या नावावर राहू दे.

उद्या सकाळच्या गाडीने विंचूरला जाते. बया आहे असे देवरामने तिकडच्या माणसाकडून काढले. कानाने कमी आहे म्हणे. तुझा बाप बरोबर येतो म्हणाला, त्याला घरी बसवला. दारात कोणी विचारले, कोण आलेय, तर चंद्रभागा सांगून तिला काय कळणार? जे सांगायचे ते मोठ्याने सांगीन, आळीला ऐकू गेले तरी चालेल. तिने ओळखले नाही तर पाणी पिऊन परतीची गाडी धरीन. त्यासाठी तू तिकडे डोळे पुसत बसू नकोस, धरणावर जा. थंडी पडली आहे, तुझे करकोचे आले असतील.

बरणी रिकामी झाली असेल तर धुऊन पाठव. माया तेवढीच, नाव मात्र खाली नीट वाच.

तुझी आजी,
ठमा